मुंबईच्या दमट हवेत घरच्या घरी टेम्पे: बुरशीचं विरजण कसं लावायचं

जुलै लागला की आमच्या परळच्या घरात सगळ्याला बुरशी येते, चपलांना येते, कपाटामागच्या भिंतीला येते, कमरेच्या पट्ट्याला येते आणि पाव तर दोन दिवसांत हिरवा पडतो. आणि याच घरात मी गेली तीन वर्षं मुद्दाम बुरशी वाढवतेय, घड्याळ लावून, झाकून, जपून, आणि ती आम्ही तव्यावर परतून जेवणात खातो. ऐकूनच शी म्हणू नका, आधी पूर्ण वाचा, कारण घरात कोणी शाकाहारी असेल, प्रोटीन कमी पडतंय असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, नाहीतर रोज रोज पनीर परवडत नसेल, तर हे खरंच शिकून घेण्यासारखं आहे.

पदार्थाचं नाव टेम्पे. मूळचा इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा, तिथे शेकडो वर्षं रोजच्या जेवणात आहे, जसं आपल्याकडे वरण. शिजवलेल्या सोयाबीनवर ऱ्हायझोपस ऑलिगोस्पोरस नावाची बुरशी सोडायची, ती एक-दीड दिवसात पांढऱ्याशुभ्र धाग्यांनी सगळे दाणे एकमेकांना असे घट्ट बांधून टाकते की त्याची वडी होते, सुरीने कापता येणारी.

आता कोणी म्हणेल सूक्ष्मजीव तर आपण रोजच खातो, दही आहे, इडली आहे, पाव आहे. बरोबर आहे, पण तिथे जिवाणू नाहीतर यीस्ट दुधाला किंवा पिठाला बदलतात आणि पोट भरतं ते दुधाने, पिठाने. टेम्पेत बुरशीचे धागे हा पदार्थाचाच भाग असतो, तुम्ही डाळ खाता तशी बुरशीही खाता. सूक्ष्मजीव म्हणजेच अन्न ही जी कल्पना आहे ना, तिच्या सगळ्यात जवळ जाणारी आणि घरच्या गॅसवर होणारी गोष्ट माझ्या मते हीच.

बाकीचे प्रकार पण थोडक्यात सांगते, कारण लोक मला विचारतात की स्पिरुलिना का नाही, यीस्ट का नाही. यीस्ट माणसाला खायला घालायचा प्रयोग जुना आहे, पहिल्या महायुद्धात जर्मनीत अन्नाची टंचाई झाली तेव्हा तिथे यीस्ट वाढवून खाण्यात मिसळत होते, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच केलं. ब्रिटनमध्ये 'क्वॉर्न' म्हणून मिळतं ते फ्युजेरियम व्हेनेनेटम नावाच्या बुरशीचं, ती तिथल्याच मातीत सापडली, मोठमोठ्या टाक्यांत वाढवतात आणि १९८५ पासून विकतात. फिनलंडची एक कंपनी तर हायड्रोजनवर जगणारे जिवाणू वाढवून त्याची पावडर करते, सिंगापूरने २०२२ मध्ये तिला खाण्यासाठी परवानगी दिली. पण या सगळ्याला टाकी लागते, यंत्रं लागतात, कसलेले लोक लागतात, आपल्या ओट्यावर होणारं ते काम नाही.

स्पिरुलिनाचं वेगळं. तो खारट, अल्कधर्मी पाण्यात वाढणारा निळा-हिरवा सूक्ष्मजीव, आपल्या लोणारच्या सरोवरातही सापडतो (२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं ते मात्र याने नाही, ते मीठ आवडणाऱ्या दुसऱ्याच सूक्ष्मजीवांमुळे, पुण्याच्या आघारकर संस्थेने ते तपासलं होतं). आफ्रिकेत चाड सरोवराकाठचे लोक स्पिरुलिना गाळून, वाळवून त्याच्या वड्या करतात, मेक्सिकोत ॲझ्टेक लोक करायचे. बाल्कनीत टब ठेवून तो वाढवता येतो असं बरेच जण सांगतात, आणि वाढतोही, पण माझं मत स्पष्ट आहे, करू नका. हिरवं पाणी सगळं सारखंच दिसतं, त्यात दुसरं एखादं विषारी शेवाळ घुसलं तर डोळ्यांनी ओळखू येत नाही, मायक्रोस्कोप लागतो. खायचंच असेल तर एफएसएसएआयचा लायसन्स नंबर असलेलं विकत घ्या. आणि अजून एक, डब्यावर साठ टक्के प्रोटीन लिहिलेलं बघून भुलू नका, दिवसाला आपण खाणार पाच ग्रॅम म्हणजे एक चमचा, त्यातून मिळणार तीन ग्रॅम. सोयाबीनच्या टेम्पेच्या शंभर ग्रॅमच्या तुकड्यात १९-२० ग्रॅम असतं आणि तो तुकडा एका माणसाला एका जेवणात सहज जातो.

तर टेम्पे. आपल्या लोकांना तर हे खरं म्हणजे अर्धं येतंच. ज्या घरात वालाचं बिरडं होतं तिथे भिजवणं, मोड आणणं, कोमट पाण्यात टाकून एकेक वाल चिमटीत धरून सोलणं हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलंय. ज्या घरात रोज रात्री दुधाला विरजण लागतं तिथे दूध किती कोमट असावं हे बोटाला कळतं, थंडीत भांडं कशात गुंडाळायचं हेही माहीत असतं. टेम्पेला हेच दोन हात लागतात. माझ्या सासूबाईंना मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, अगं म्हणजे डाळिंब्यांना विरजण लावायचं, एवढंच ना. एवढंच.

काय काय लागेल ते सांगते. डाळ किंवा कडधान्य अर्धा किलो, पांढरं व्हिनेगर, टेम्पेचं स्टार्टर म्हणजे त्या बुरशीचं विरजण, झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशव्या नाहीतर केळीचं पान, एक दाभण, एक जाळी आणि स्वच्छ सुती पंचा. स्टार्टर ऑनलाइन मिळतं, करड्या पांढऱ्या पावडरीसारखं असतं, घेताना त्यावर ऱ्हायझोपस ऑलिगोस्पोरस असं स्पष्ट लिहिलंय ना ते बघा. पावावरची, लोणच्यावरची, भिंतीवरची कुठलीही बुरशी वापरून चालणार नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतेय, बुरशांमध्ये जीव घेणाऱ्याही असतात, दमट शेंगदाण्यावर जी हिरवी-पिवळी येते तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन लिव्हरचा कॅन्सर करतं आणि ते शिजवून जात नाही. आपण वाढवतोय ती पाळलेली बुरशी आहे, तिचं कुळ माहीत आहे, म्हणून खातोय.

पहिल्या वेळी सोयाबीन घेऊ नका. मी घेतलं होतं आणि सालं काढता काढता दोन तास गेले. पहिल्यांदा हरभऱ्याची डाळ घ्या. ती आधीच फोडलेली, साल काढलेली असते, आणि साल असेल तर बुरशी आत शिरत नाही म्हणूनच तर सालं काढायची असतात, म्हणजे मोठं काम गिरणीनेच करून दिलेलं असतं. चव पण आपल्या ओळखीची. सोयाबीन दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घ्या, प्रोटीन त्यात जास्त, आणि लातूरकडून, विदर्भातून एवढं पिकून येतं की भावही परवडतो. वाल, चवळी, मसूर यांचंही होतं. वालाचं मला सगळ्यात आवडतं, ती हलकी कडवट चव टेम्पेत छान लागते, पण सोलणारे हात घरात हवेत.

डाळ सकाळी धुऊन भिजत घाला, सहा तास पुरतात. सोयाबीन असेल तर बारा तास, आणि मग पाण्यातच दोन्ही हातांनी चोळायचं, सालं वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून द्यायची, परत पाणी, परत चोळायचं, असं सात-आठ वेळा. शंभरात पाच-दहा दाण्यांना साल राहिली तर काही बिघडत नाही. मुंबईच्या उकाड्यात भिजवलेलं पाणी थोडं आंबूस होतं, फेस येतो, त्याला घाबरू नका, जावातही ते तसंच आंबू देतात, त्या आंबटपणामुळे नको ते जिवाणू कमी वाढतात. पण वास सडका येत असेल तर ते वेगळं, ते टाका. भिजवलेलं पाणी दरवेळी फेकायचं, पोटात गॅस करणारी साखर बरीचशी त्याच्याबरोबर जाते.

मग नवीन पाण्यात उकळायचं. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. आपल्याला वरणाची सवय, डाळ गळली की शिजली, आणि इथे गळली की वाया गेली. हरभऱ्याची डाळ उघड्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटं, दाणा बोटांत दाबला तर मऊ लागला पाहिजे पण आकार मोडता कामा नये, मसालेभातातल्या शिताला जसा आकार असतो तसा. कुकरला लावू नका, एका शिट्टीत लगदा होतो आणि लगद्यात हवा खेळत नाही, हवा नाही तर बुरशी गुदमरते आणि हवा नको असलेले जिवाणू मजा करतात. सोयाबीनला मात्र चांगली पाऊण तास उकळी द्या, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेने जातात. सोयाबीन कुकरमध्ये शिजवायचंच असेल तर कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, सुटलेली सालं शिट्टीत अडकतात.

गॅस बंद करून पाणी पूर्ण निथळा, रोवळी असेल तर उत्तम, नाहीतर चाळणी. आता वाळवणं, आणि याला मी स्वयंपाकापेक्षा जास्त वेळ देते. दाणे आतून ओले हवेत पण वरून कोरडे, हाताला पाणी लागता कामा नये. दाण्यावर पाण्याचा थर राहिला की तिथे जिवाणू धरतात. मे महिन्यात पंच्यावर पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवलं की काम होतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत पंख्याने काही वाळत नाही हे आपल्याला कपड्यांवरून माहीतच आहे, तेव्हा दाणे परत जाड बुडाच्या कढईत टाका आणि अगदी मंद आचेवर झाऱ्याने हलक्या हाताने वरखाली करत राहा, वाफ यायची थांबली की झालं. लाल नाही करायचं, भाजायचं नाही. गरम असतानाच दोन मोठे चमचे व्हिनेगर घालून नीट मिसळा आणि तेही आत मुरू द्या. व्हिनेगरची चव नंतर अजिबात लागत नाही, आंबटपणाने फक्त आपल्या बुरशीला आधी सुरुवात करायला मिळते आणि बाकीच्यांना उशीर होतो.

मग थांबायचं. दाणे कोमटाच्याही खाली यायला हवेत, तान्ह्या बाळाच्या अंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडे गारच. घाई केली, गरम दाण्यांवर स्टार्टर घातलं, तर बुरशी मरते आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी. दाणे निवले की स्टार्टर. किती ते पाकिटावर बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं, माझ्याकडचं अर्ध्या किलोला एक छोटा चमचा लागतं. ते आधी एक चमचा भाजून गार केलेल्या तांदळाच्या पिठात मिसळून घेते म्हणजे सगळीकडे सारखं पसरतं. कोरड्या स्वच्छ चमच्याने दोन मिनिटं तरी ढवळायचं, अर्धवट ढवळलं की वडीत मधेच टकलं पडतात, तिथे धागे येत नाहीत.

पिशवीला भोकं आधीच पाडून ठेवा, पिशव्यांची चळत करून दाभणाने, दीड-दोन सेंटीमीटर अंतरावर, दोन्ही बाजूंनी. भोकं मोठी नकोत, पण असली मात्र पाहिजेत, बुरशीला श्वास लागतो. दाणे भरून पिशवी सपाट करा, जाडी दोन ते अडीच सेंटीमीटर, त्याहून जाड वडी मधे तापते. केळीच्या पानात करायची असेल तर पान विस्तवावरून फिरवून मऊ करून घ्यायचं, पानगीला करतो तसं, पुडी बांधायची आणि दोऱ्याने आवळायची. दादरच्या फूलबाजारात सकाळी ताजी पानं मिळतात. पानातल्या टेम्पेला वास फार सुरेख येतो, सणावाराला मी पानातच करते, एरवी पिशवी.

आता ठेवायचं कुठे. या बुरशीला ३० ते ३२ डिग्री लागतं. युरोप-अमेरिकेत लोक यासाठी खास डबे बनवतात, बल्ब लावतात, थर्मोस्टॅट लावतात, आणि आपल्याकडे मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत घरातली खोलीच तेवढी असते. ओट्याच्या कोपऱ्यात जाळी ठेवायची, तिच्यावर पिशव्या, एकावर एक नाही, शेजारी शेजारी, मधे दोन बोटं जागा ठेवून, आणि खालूनही हवा लागायला हवी म्हणून जाळी. वरून पातळ पंचा टाका. फ्रीजच्या मागे, जिथे उबदार असतं, तिथेही चालतं. जानेवारीत रात्री पारा सतरा-अठराला येतो तेव्हा मात्र नुसतं ठेवून चालत नाही. माझं पहिलं टेम्पे जानेवारीतलं होतं, ओट्यावर उघडं ठेवलं, चाळीस तास झाले तरी एक धागा नाही आणि शेवटी वास यायला लागला, सगळं टाकलं. आता थंडीत मासेवाल्यांकडे असतो तसा थर्माकोलचा डबा घेते, आत कोमट पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून, झाकण किंचित उघडं, आणि दर पाच-सहा तासांनी पाणी बदलते.

मी साधारण रात्री नऊला ठेवते. सकाळी उठून बघितलं तर काहीच दिसत नाही, पहिले दहा-बारा तास असेच जातात, हात लावू नका. दुपारी पिशवीच्या आतून बाष्प धरतं, संध्याकाळी दाण्यांमधे कापसासारखी पांढरी जाळी दिसायला लागते, आणि इथून पुढे एक गोष्ट लक्षात ठेवा, आता बुरशी स्वतःच तापते. पिशवीला हात लावला तर ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी लागते. तेव्हा थंडीतली बाटली काढून टाकायची, पंचा काढायचा, पिशव्या अजून लांब लांब ठेवायच्या. मे महिन्यात तर या वेळी मी पंख्याखाली नेऊन ठेवते, कारण बाहेरचे तेहतीस आणि तिचे स्वतःचे वरचे असे मिळून इतकं तापतं की ती आपल्याच उष्णतेने मरते, आणि मेली की जिवाणू ताबा घेतात. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा-सातला, म्हणजे तेहतीस-चौतीस तासांनी, वडी तयार असते. उन्हाळ्यात चोवीस तासांतही होते.

तयार झाली हे ओळखायचं असं. पिशवीतून काढून हातात आडवी धरली तर वाकत नाही, मोडत नाही. सुरीने कापल्यावर आतपर्यंत पांढरं दिसतं, दाणे धाग्यात रुतून बसलेले. वास ताज्या मशरूमचा, थोडासा ताज्या पावासारखा. भोकांच्या आसपास करडे-काळे डाग असतील तर घाबरायचं नाही, तिथे हवा जास्त मिळाली म्हणून बुरशीने बीजाणू धरलेत, ते खाता येतं, फक्त अजून ठेवू नका. अमोनियाचा, म्हणजे बंद मुतारीत येतो तसा भपकारा येत असेल तर उशीर झालाय.

आणि टाकायचं कधी ते यापेक्षा महत्त्वाचं. गुलाबी, केशरी, हिरवा, पिवळा, निळा, यातला कुठलाही रंग दिसला तर टाका. दाणे चिकट झाले, कापताना तार सुटली, मळक्या मोज्यांसारखा वास आला, तर टाका. माझ्या दुसऱ्या खेपेला हेच झालं होतं, दाणे नीट वाळवले नव्हते आणि व्हिनेगर विसरले होते. जपानी लोक नात्तो म्हणून असाच तार सुटलेला सोयाबीन आवडीने खातात, पण त्यांना माहीत असतं की त्यात कोणता जिवाणू आहे, आपल्या पिशवीत कोण आलंय ते आपल्याला माहीत नसतं. तेवढाच भाग कापून बाकीचं वापरू असं करायचं नाही, आख्खी वडी जाऊ द्या. डाळीचे पैसे गेले म्हणून जीव हळहळतो, माझाही हळहळतो, पण जाऊ द्या.

आता सगळ्यात जास्त जपायची गोष्ट, आणि ही मी खास आपल्या कोकणातल्या, मुंबईतल्या लोकांसाठी लिहितेय कारण आपला हात आधी नारळाकडे जातो. टेम्पे लावताना त्यात खोबरं, ओला नारळ, नारळाचा चव, दूध काढून उरलेला चोथा, यातलं काहीही घालू नका. जावात नारळाच्या चोथ्याचं टेम्पे करायचे, त्याला टेम्पे बोंगक्रेक म्हणतात, आणि त्यात एक जिवाणू शिरला की तो बोंगक्रेकिक ॲसिड नावाचं विष करतो, ज्याची चव कळत नाही, वास कळत नाही आणि कितीही शिजवलं तरी ते जात नाही. ते खाऊन तिथे शेकड्यांनी माणसं दगावली, शेवटी १९८८ मध्ये सरकारने ते बनवण्यावरच बंदी आणली. सोयाबीनवर, डाळीवर व्यवस्थित आंबट करून लावलेल्या टेम्पेत हा धोका नसल्यासारखाच, पण नारळाचा प्रयोग कोणी करू नये. तयार वडीची आमटी करताना ओल्या नारळाचं वाटण घाला, हवं तेवढं घाला, ते वेगळं, ते ताजं आहे आणि लगेच शिजून पोटात जातंय. विरजण लावताना मात्र नाही.

तयार वडी जिवंत असते, फ्रीजमध्ये ठेवली तरी थोडा वेळ तापतच राहते, म्हणून गरम वड्या एकावर एक रचू नका. मी सरळ इडलीपात्रात दहा-पंधरा मिनिटं वाफवते, त्याने बुरशी थांबते, मग गार करून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने आरामात. अर्धा किलो डाळीचं साधारण किलोभर होतं. कच्चं खायचं नाही, कधीच, नीट शिजवूनच खायचं.

खायचं कसं, तर इंटरनेटवर सगळीकडे सोया सॉसच दिसतो, मला तो प्रकार घरी रुचला नाही. आमच्याकडे असं करतो, वडीचे अर्ध्या बोटाच्या जाडीचे काप, त्यांना हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण वाटून आणि आगळ लावून अर्धा तास ठेवायचे, मग रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कमी तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस. सुरमई तळतो तसंच. श्रावणात मासे बंद असताना हे पानात पडलं की घरात कोणी कुरकुर करत नाही. वालाच्या टेम्पेची आमटी गोडा मसाला आणि गूळ-कोकम घालून, बिरड्यासारखीच. आणि मुलांच्या डब्यासाठी पावात तोच तळलेला काप, वर वडापावाची लाल लसणीची चटणी. टेम्पे स्पंजासारखा रस ओढतो पण मीठ आत जायला वेळ घेतो, तेव्हा मुरवायला ठेवायचं विसरू नका.

कोणी जपून खावं तेही सांगते. युरिक ॲसिड वाढलेलं असेल, गाऊट असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. काय होतं, सूक्ष्मजीव झपाट्याने वाढतात, आणि झपाट्याने वाढणाऱ्या पेशीत आरएनए भरपूर असतं, ते पचताना शरीरात युरिक ॲसिड होतं. नुसतं यीस्ट किंवा जिवाणूच अन्न म्हणून खायचे ठरवले तर ही मोठी अडचण येते, म्हणून मोठ्या माणसाने अशा अन्नातून दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा जास्त न्यूक्लिक ॲसिड (आरएनए त्यातलाच एक प्रकार) घेऊ नये अशी मर्यादा धरतात, आणि क्वॉर्नवाले बुरशी विकण्याआधी तापवून तिच्यातलं आरएनए कमी करून घेतात. टेम्पेत बुरशी थोडी आणि डाळ जास्त, त्यामुळे धडधाकट माणसाला काळजी नाही. सोयाबीनची ॲलर्जी असेल तर हरभऱ्याचं करा. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी केलेली आहे त्यांनी घरी लावलेलं असं काही खाण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

बी१२ बद्दल फार गैरसमज आहे म्हणून ते वेगळं सांगते. टेम्पेत बी१२ मिळतं असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं. इंडोनेशियातल्या बाजारातल्या टेम्पेत थोडं सापडतं, पण ते बुरशी करत नाही, तिच्यासोबत आपोआप आलेले जिवाणू करतात, आणि आपण तर शुद्ध स्टार्टर वापरतोय. स्पिरुलिनातलं जे बी१२ म्हणून दाखवतात ते बहुतेक शरीराला उपयोगी न पडणारं असतं. न्यूट्रिशनल यीस्टमध्ये असतं ते कंपनीने वरून घातलेलं, तेही डब्यावर लिहिलं असेल तरच. माझं स्वतःचं बी१२ खूप खाली गेलं होतं, हातापायाला मुंग्या यायच्या, त्यामुळे हे मी ठामपणे सांगते, रिपोर्टमध्ये कमी आलं असेल तर डॉक्टर देतील ती गोळी किंवा इंजेक्शन घ्या, टेम्पेवर विसंबू नका. टेम्पे प्रोटीनसाठी आहे, फायबरसाठी आहे, आणि बुरशी डाळीतलं फायटेट, म्हणजे लोह-जस्त अडवून धरणारा घटक, कमी करते त्यामुळे त्यातलं लोह-जस्त अंगी लागायला मदत होते, त्यासाठी आहे.

एक शेवटचं, स्टार्टरचं. दह्याचं विरजण आपण कालच्या दह्यातूनच घेतो, तशी सवय असल्यामुळे सगळ्यांना वाटतं की जुन्या टेम्पेचा तुकडा ठेवून पुढचं लावावं. पहिली पंधरा-वीस टेम्पे होईपर्यंत तरी असं करू नका, दरवेळी सोबत कोणते जिवाणू पुढे चाललेत ते दिसत नाही आणि चार-पाच खेपांत विरजण बिघडतं. पाकिटच वापरा. मुंबईत पाकीट उघडं राहिलं की आठवड्यात ओल धरतं, तेव्हा आलं की लगेच छोट्या कोरड्या बाटलीत भरायचं, झाकण घट्ट लावून फ्रीझरमध्ये ठेवायचं, आणि वापरताना बाटली बाहेर काढून वीस मिनिटं बंदच ठेवायची, खोलीइतकी झाली की मगच उघडायची, नाहीतर थंड पावडरीवर हवेतलं पाणी बसतं. असं ठेवलेलं माझं एक पाकीट सात-आठ महिने व्यवस्थित चाललं.